साडेचार इंची भिंत

भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट खुशाल खोटी म्हणावी. मी वाद घालणार नाही.

कारण ही घडली ती भर दुपारी. साल एकोणीसशे एकोणपन्नास, चैत्र महिना. ठिकाण माधवनगर, सांगलीच्या शेजारचं.

ज्याच्यावर बेतली तो आकाराम, माझ्या वडिलांचा मामा. कराडकडचा. लढाईत पलटणीत होता, तिथंच वायरमनचं काम शिकला. थापा मारणाऱ्यातला नव्हता. मुळात बोलायचाच कमी. हे त्यानं आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही उजवा तळहात मांडीखाली दाबून धरून.

त्या दिवशी तो नानासो नावाच्या सूतव्यापाऱ्याच्या नव्या घरात काम करत होता. एकटाच.

नानासोंना हौस दांडगी. बटणांच्या लाकडी पेट्या भिंतीवर नकोत, भिंतीच्या आत बसवून हव्यात. मुंबईला कुणाच्या तरी बंगल्यात बघून आलेले. बोलायला काय जातंय, कोरणाऱ्याला विचारा.

हे काम कसं चालतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मधली भिंत अर्ध्या विटेची, साडेचार इंची. पेटी तीन इंच खोल. छिन्नी-हातोड्यानं बरोबर तेवढंच कोरायचं. घाव जास्त झाला की पलीकडं भोक.

म्हणून दोघं लागतात. एक जण अलीकडून कोरतो. दुसरा पलीकडच्या खोलीत भिंतीला तळहात लावून उभा राहतो. भिंत किती उरली ते त्याला हादऱ्यावरून कळतं. दहा घाव झाले की कोरणारा थांबतो आणि कान देतो.

पलीकडून एकदा टक वाजलं, तर चालू दे.

दोनदा वाजलं, तर थांब.

आकारामचा दुसरा माणूस म्हणजे सिद्धू. जतकडचा धनगर, पलटणीपासूनचा जोडीदार. दोनदा वाजवून झालं की वर कानडीत म्हणायचा, "निल्लु रं गड्या." म्हणजे थांब.

सिद्धू आदल्या दिवाळीत मेला होता.

असंच एक काम चालू असताना आकारामची छिन्नी भिंतीतून आरपार गेली, ती सिद्धूच्या तळहातात. जखम बोटभर. सिद्धूनं चिंधी बांधली. "लय न्हाई लागलं रं," म्हणाला, हसलासुद्धा. आठव्या दिवशी दातखीळ बसली. धनुर्वात. आईच्या मांडीवर गेला.

लोकांनी विचारलं तेव्हा आकाराम म्हणाला, "त्यानं खूणच केली न्हाई. म्या काय करू?"

सगळ्यांना पटलं.

पण ते खोटं होतं. दोन ठोके आकारामला चांगले ऐकू आले होते. पेटी गव्हाएवढी वर राहत होती आणि त्याला पाचची मोटार गाठायची होती. म्हटलं, एकच घाव.

तेव्हापासून त्यानं जोडीदार घेतला नाही. जेवायला बसला की भाकरीचे दोन वाटे करायचा आणि दोन्ही आपणच खायचा. जतला जाऊन सिद्धूच्या आईला, सुलाबाईला, तोंड दाखवायचा धीर नव्हता. मरताना सिद्धूच्या मनात आपल्याविषयी काय होतं, एवढंच त्याला कळायला हवं होतं. पण विचारणार कुणाला?

तर ती दुपार.

पलीकडच्या खोलीत सुताचे गठ्ठे होते. दाराला कुलूप. किल्ली घेऊन नानासो सोलापूरला गेलेले. घरात फक्त त्यांची म्हातारी आई, अंबूबाई, मागं ज्वारी निवडत बसलेली.

आकारामनं दहा घाव घातले. सवयीनं थांबला. येड्या, कुणासाठी थांबलास, असं स्वतःलाच म्हणाला आणि हातोडा उचलला.

तोच...

टक.

उंदीर असेल, त्यानं मनाशी म्हटलं. आणखी दहा घाव घातले. थांबला.

टक.

त्यानं हात पुसले. घातले आणखी दहा.

या वेळी बराच वेळ काहीच नाही... आणि मग...

टक. टक.

त्यानं माप लावलं. बरोबर तीन इंच.

उठून तो दाराशी गेला. कुलूप जागेवर होतं. फटीतून नुसते गठ्ठे दिसत होते.

मागनं अंबूबाई तांब्या घेऊन आली. "तुजा दुसरा मानूस कवा आला रं? त्याला बी पानी दिऊ का?"

"कुटला दुसरा? मी एकलाच हाय की, आजी."

"मग पल्याडनं कोन वाजवतंय?"

 आकारामनं पाणी पिऊन तांब्या परत दिला. म्हातारी पुटपुटत मागं गेली.

दुसरा कुणी असता तर पायात वहाणा न घालता पळाला असता. पण मामा मला म्हणाला, "खरं सांगू? मला बरं वाटलं. पाच म्हैन्यांनी कुनीतरी उत्तर दिलं हुतं."

त्याच भिंतीवर दोन हात अंतरावर दुसरी पेटी बसवायची होती. त्यानं खडूनं चौकोन आखला. मग हत्यारं खाली ठेवली. उजवा तळहात त्या चौकोनात टेकवला आणि डाव्या हातानं एकदा वाजवलं.

"सिद्धू," तो म्हणाला, "आता तू कोर."

शेजारच्या गिरणीची घरघर दिवसभर असायची. ती ऐकू येईना. अंबूबाईच्या सुपाचा आवाजही नाही...

आणि पलीकडून पहिला घाव पडला.

दहा घाव झाले. मग थांबणं. पलीकडचा वाट बघत होता. आकारामनं एकदा वाजवलं. पुन्हा दहा. त्यानं पुन्हा एकदाच वाजवलं.

तळहाताखाली गिलावा थरथरत होता. बोटांच्या मधून चीर गेली. थोडी माती मनगटावर सांडली.

आता दोनदा वाजवायची वेळ होती.

त्यानं वाजवलं नाही. वाजवायचंच नव्हतं त्याला. "हाण, सिद्धू. फिट्टंफाट हू दे," म्हणाला आणि डोळे मिटले.

घाव पडला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हात भरून आला. आणि मग पलीकडून, अगदी हळू...

टक. टक.

हे दोन ठोके द्यायचे होते आकारामनं. दिले सिद्धूनं.

आकाराम भिंतीला कपाळ लावून रडला.

तिसऱ्या दिवशी नानासोंनी खोली उघडली. पलीकडून चौकोन कोरलेला होता, कोपरे ओळंब्यात. तळाला पापडाइतका पातळ गिलावा तेवढा राहिलेला. जमिनीवर विटेचा भुगा पडला होता, त्यात पावलं मात्र कुणाची नव्हती. भुग्यात एक छिन्नी पडली होती. सिद्धूला लागलेली तीच. दिवाळीपासून ती आकारामच्या पिशवीच्या तळाशी चिंधीत बांधलेली होती. आता पिशवीत चिंधीची गाठ तशीच होती आणि चिंधी रिकामी.

"दोन्हीकडनं कोरायला तुला कुणी सांगितलं?" नानासो खेकसले. आकारामनं छिन्नी उचलली आणि जतची मोटार धरली.

सुलाबाई मेंढरांच्या वाड्यापाशी बसली होती. तिनं त्याला ओळखलं.

"लय दिवसांनी आलास, लेका. जाताना तुजंच नाव घेत हुता त्यो."

"काय म्हनाला?"

"म्हनाला, आये, म्या दोनदा वाजवलं हुतं. पर आकारामला सांगू नगंस. त्याला ऐकूच गेलं नसंल, उगा जिवाला लावून घील."

आकारामनं छिन्नी तिच्यापुढं ठेवली.

"ऐकू आलं हुतं, मावशी," तो म्हणाला.

त्यावर ती काय बोलली ते मामानं कधीच सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो भिंतीकडं बघत बसला. सिद्धूनं पुन्हा कधी वाजवलं नाही, एवढंच म्हणाला.

परवा मी घरात कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होतो. दहा घाव झाले आणि माझा हात आपोआप थांबला.

पलीकडच्या घरात दोन वर्षं कुणी राहत नाही. मला माहीत आहे.

तरी मी कान देऊन उभा होतो...