हीबीच्या मुळाशी

या हो, जरा पुढं सरकून बसा. आज पूर्वरंग लांबवायचा नाही, सरळ आख्यानच लावू या. गोष्ट आहे अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका अंगणाची, आणि तिथं एकमेकांची ओढ लागलेल्या दोन जिवांची.

एप्रिलमधला शनिवार. पाइनच्या परागांनी गाड्या, पायऱ्या, सगळं हळदीनं माखल्यासारखं झालेलं. आयटीतली निधी नागपूरची. या भाड्याच्या घरात येऊन तिला आठवडाच झाला होता. चहाचा कप घेऊन दार उघडते, तर काय! अंगणात एक अनोळखी तरुण गुडघे टेकून बसलेला... आणि हातात कात्री!

"एक्स्क्यूज मी! कोण तुम्ही?"

तो दचकून उठला. "सॉरी, सॉरी! मी निहार. हे घर बाबांचं आहे. लीजमध्ये लिहिलंय ना, शनिवारी गार्डन मी बघणार?"

"लीज कोण वाचतं?"

"मी लॉयर आहे. असं बोललात की हर्ट होतं यार."

निधी खुदकन हसली. त्याचं मराठी इथंच जन्मलेलं, जरासं अडखळणारं, पण ऐकत राहावं असं.

पायरीपासून पुढं तीन ठेंगणी, गोलसर झुडपं होती. जाडसर पानं, अगदी नीट ओळीत लावल्यासारखी. "या हीबी," तो म्हणाला. "आईनं लावल्या. पायरीजवळची सगळ्यात शेवटची. त्यानंतर... ती गेली." सुनेत्राकाकू त्याची आई. कात्री नुसती शेंड्यांना लावायची, जुन्या लाकडात गेली तर फूट येत नाही. आणि मुळाशी पाणी साचलेलं हीबीला मुळीच सोसत नाही, हे सगळं त्यानं हळुवारपणे सांगितलं. एखाद्या हट्टी आजीबद्दल सांगावं तसं.

मग काय, शनिवार येत गेले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. मे महिन्यात पोहे सुरू झाले.

"आज नुसता बघतच बसलायस!"

"निरीक्षण. गार्डनिंगमध्ये इम्पॉर्टंट असतं."

"झुडूप इकडं आहे."

"हो... माहितेय."

निधीनं घाईघाईनं कप उचलला. तो रिकामाच होता!

जुलैत दोन हीबींवर जांभळे तुरे डोलू लागले. पायरीजवळची मात्र पिवळी पडली, मग काळी. निहार तिच्यापाशी बसून राही. "इथला उन्हाळाच वाईट," तो म्हणे.

ऑगस्टमधली एक सकाळ. निधीची पूजा झाली होती. ताम्हणातलं पाणी घालायला ती पायरीशी वाकली... आणि मातीचा आंबूस वास आला. बोट लावलं, तर ते चिखलात रुतलं. देवाचं पाणी सिंकमध्ये सोडायचं नाही, पाय पडणार नाही अशा झाडाशी घालायचं, हे तिच्या आईनं शिकवलेलं. एप्रिलपासून रोज बाळकृष्णाच्या आंघोळीचं दूध-पाणी ती इथंच घालत होती. देवाच्या पाण्यानं कुणाचं वाईट होतं का, असा तिचा भाव!

गप्प राहता आलं असतं. सांगितलं, तर ज्या हातानं त्याच्या आईचं झाड मारलं, त्या हातचे पोहे खायला तो पुन्हा येईल? आणि नाही सांगितलं, तर उद्या बाळकृष्णासमोर कोणत्या तोंडानं बसायचं?

शनिवारी बारीक पाऊस होता. तिनं सगळं सांगून टाकलं. डोळे मात्र वर उचलले नाहीत.

"आय नो," तो म्हणाला.

"काय?"

"जूनमध्येच कळलं. मुळाशी अक्षता होत्या, तुळशीचं पान होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"एकदा लवकर आलो होतो. तू डोळे मिटून पाणी घालत होतीस, काहीतरी पुटपुटत... आई गेल्यापासून या दारात कुणी देवाचं नावच घेतलं नव्हतं, निधी. नको घालू म्हणायला तोंड उघडेना. म्हटलं, खडी मिसळू, मॅनेज होईल. नाही झालं."

"माझ्यामुळं गेली ती..."

"आपल्यामुळं."

त्यानं त्याच झुडपाच्या एका फांदीचे अजून हिरवे असलेले चार शेंडे कापले, खालची पानं काढली आणि वाळूमिश्रित मातीत खोचले. कुंडी धरायला निधीचे हात पुढं आले. चिखलानं भरलेली बोटं बोटांना लागली, आणि कुणीच ती काढून घेतली नाहीत.

"मुळं धरतील?"

"बहुतेक. सहाएक आठवडे लागतील."

"आणि नाही धरली तर... तू येणार नाहीस?"

"निधी, मे महिन्यापासून मी हीबीसाठी येतच नाहीये गं."

ती लाजली, रडली, हसली... सगळं एकाच वेळी. मग हळूच म्हणाली, "शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच ये ना."

तर मंडळी, उठण्याआधी सुनेत्राकाकूंना मनातल्या मनात एकदा नमस्कार करा. आपण लावलेल्या रोपाशी पुढं कोण येऊन बसणार आहे, हे त्या माउलीला कुठं ठाऊक होतं? त्यांची तेवढी आठवण असू द्या.