जमीन ऐकताना

“तुमची तार आमच्या गप्पा ऐकते का हो?”

विचारून दाखव, अशी गार्गी, झोया आणि पल्लवी या मैत्रिणींनी शाल्मलीशी पैज लावली होती. पैज लावून तिघी खाली झरेवाडीत, आपापल्या घरी निघाल्या. तिनं मात्र टेकडीवरच्या डेटा सेंटरचा, म्हणजे विदाकेंद्राचा, भूश्रवण कक्ष गाठला आणि दारातूनच आईला प्रश्न फेकला.

आई भूगर्भतज्ज्ञ. ती हसली. “गप्पा नाही गं बाई, पावलं. रस्त्याखालच्या काचेच्या प्रकाशतंतूतून प्रकाश धावतो. वर कुणी चाललं की तंतू किंचित ताणतो, प्रकाश थरथरतो. ती थरथर आपले संगणक वाचतात.”

पडद्यावर झरेवाडीचा रस्ता होता. तीन रेघा घराकडे चालल्या होत्या. एक लंगडत होती. झोयाच्या पायाला प्लास्टर होतं. शाल्मलीला खुदकन हसू आलं.

मग तिला वस्तीखाली पसरलेला काळा डाग दिसला.

तेवढ्यात बाबा आत आले. केंद्राचे मुख्य अभियंता, पण चेहरा नापास झालेल्या पोरासारखा. “डाग वाढलाय.”

“कसला डाग?”

आईनं उसासा टाकला. “जमीन बसतेय. संगणक थंड ठेवायला आपण खालचं पाणी उपसतो. पाणी गेलं की माती दबते. खाली पोकळी झालीय का, ते नक्की नाही.”

“मग लोकांना सांगा ना.”

“खात्री नसताना? वस्तीत पळापळ होईल,” बाबा म्हणाले. “ऐकण्याची गती दहापट केलीय. कळेलच.”

“दहापट चालले तर संगणक तापतील किती?”

फरशीखाली पंपांची घरघर मघापेक्षा वाढली होती.

शाल्मलीनं फरशीकडे बघितलं. “म्हणजे जमीन खचतेय का ते बघायला आपण तिच्याखालचं पाणी आणखी ओढतोय?”

आईनं गती कमी केली. पडदा धूसर झाला, डाग दिसेना.

“आता तर काहीच कळत नाही,” म्हणत बाबांनी गती पुन्हा वाढवली. डाग उमटला. झोयाच्या घराच्या पायरीला टेकलेला.

शाल्मलीनं दप्तर खाली टाकलं.

“आई, बाबा, पंप बंद करा. मी झरेवाडीत चाललेय. सगळ्यांची दारं बडवणार, झोयाला पाठीवर घेऊन बाहेर काढणार. पंप थांबले की संगणकही बंद ठेवावे लागतील, तुमच्या पडद्यावर मी दिसणार नाही. चालेल मला.”