बाईंना विचारा

चर्चापंधरवड्याचा बारावा दिवस उजाडला तरी राज्याचा पुढचा मुख्यमंत्री कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि म्हणूनच प्रत्येकजण ते छातीठोकपणे सांगत होता. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक वस्तरा थांबवून म्हणत होतं, "लिहून घ्या, धुरंधरच!" लग्नाच्या पंगतीत दोन व्याह्यांची कानिटकरांवरून अशी जुंपली की वाढप्याने मठ्ठ्याची बादली खाली ठेवून मध्यस्थी केली. विशेष म्हणजे हे सगळं कायद्यानेच करायला सांगितलं होतं.

अठरा वर्षं सत्तेवर असलेल्या लोकमार्ग पक्षाचे संस्थापक आणि मुख्यमंत्री आप्पासाहेब वाळिंबे वयाच्या शहात्तराव्या वर्षी पायउतार होत होते. त्यांची जागा कोणी घ्यायची हे ठरवायला आता ना आमदारांना हॉटेलात कोंडावं लागे, ना दिल्लीची वारी करावी लागे. पंधरा दिवस लोकांनी मनसोक्त चर्चा करायची आणि यंत्राने ती ऐकायची, एवढंच. त्याला 'स्वरकौल' म्हणत. त्यातून निघेल त्यालाच निवडायचं, असं पक्षाच्या घटनेतच लिहिलेलं होतं. यंत्र कोण बोललं याची नोंद ठेवत नसे, आणि काय बोललं यालाही फारसं महत्त्व देत नसे. ते ऐके फक्त गळा.

पक्षाच्या पुण्यातल्या मुख्य कार्यालयात, जिन्याखालच्या खोलीत भार्गवी खोत नेहमीप्रमाणे फोन घेत होत्या. वय साठ. आधी आठ वर्षं शाळेत शिकवलं, मग सव्वीस वर्षं इथे तक्रारखिडकी सांभाळली. शाळा सुटली, पण 'बाई' हे संबोधन काही सुटलं नाही. त्यांच्यापुढे एक जाड वही होती, तिच्यात चार रकाने : तक्रार काय, गाव कोणतं, तारीख, आणि शेवटचा, 'कोणाला सांगितलं'.

"हो, ओढ्यावरचा साकव मोडलाय ना? लिहिलं. वर सांगते हं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'आप्पांना'.

इतक्यात दारातून डॉ. जुई दस्ताने आत आल्या. स्वरकौलाचं यंत्र त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. एरवी ताठ चालणाऱ्या ह्या शास्त्रज्ञाचा चेहरा आज पार उतरला होता.

"बाई, चहा मिळेल का? वरच्या मजल्यावर पाच उमेदवार बसलेत. तिथे चहा घशाखाली उतरत नाही."

"बस गं. झालं काय?"

"माझं यंत्र नापास झालं."

बाईंनी आलं किसून चहा टाकला. आपल्याला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही हे सांगायची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. "मला एकदा सांग बघू नीट. पाचवीच्या मुलाला सांगावं तसं."

जुईने कप दोन्ही हातांत धरला. "मनावर ओझं असलं की गळ्यातले स्नायू किंचित आवळतात. पण ज्याच्यावर आपण आपला भार टाकू शकतो, अशा माणसाचा विषय निघाला की तेच स्नायू आपल्या नकळत सैल पडतात. अगदी केसभर. कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. त्याला मी 'सैलावा' म्हणते. खोटी स्तुती करता येते, मत विकत घेता येतं. सैलावा मात्र ठरवून आणता येत नाही."

"आणि हे खरं कशावरून?"

"उखाण्यांवरून!" जुई पहिल्यांदा हसली. "अकरा हजार उखाणे ध्वनिमुद्रित केले. चांदीचं ताट, भोवती महिरप, शब्द सगळीकडे तेच. पण नवऱ्याच्या नावावर आलं की कुणाचा गळा सैल पडायचा, कुणाचा आवळायचा. पुढे दहा वर्षं त्या संसारांवर लक्ष ठेवलं. यंत्र एकदाही चुकलं नाही."

बाईंना आपला उखाणा आठवला आणि त्या मनातल्या मनात लाजल्या. "मग आता बिघडलं कुठे?"

"पाचही नावांवर सैलावा शून्य. लोक घसा फोडून भांडताहेत, पैजा लावताहेत, पण भरवसा कुणावरच नाही. म्हणजे, अगदीच नाही असं नाही." जुईने आवाज खाली आणला. "वर माझ्यासमोर बसून धुरंधर स्वतःचं नाव घेतात तेव्हा यंत्राची रेघ छताला लागते. कानिटकरांचंही तेच. पाचही जणांचा स्वतःवर भारी भरवसा आहे हो!"

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कौल लागला नाही तर पक्षाची पाच शकलं होणार, सरकार गडगडणार, आणि वहीतल्या त्या साकवांना, बंद दवाखान्यांना, अडलेल्या पेन्शनींना कोणी वाली उरणार नाही. बाईंना खुर्चीचं काही नव्हतं, वहीचं होतं.

"यंत्र शोधतं काय नेमकं?" त्यांनी विचारलं.

"नावं. पक्षातल्या झाडून साऱ्या चार हजार लोकांची."

"मग तिथेच गफलत आहे तुझी. अगं, ज्याच्यावर भरवसा असतो त्याचं नाव कोण घेतं आपल्यात? मी आप्पांना कधी 'वाळिंबे' म्हटलंय? उखाण्यातसुद्धा नाव घ्यायला बायकांना आग्रह करावा लागतो, एरवी सगळं 'अहो'वर भागतं. वाळिंबे कोण म्हणतं? ज्याला त्यांच्याशी भांडायचंय तो!"

जुईने कप खाली ठेवला. चहा तसाच अर्धा टाकून ती उठली आणि एकेक पायरी गाळत जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली ती डबा उघडण्याच्या वेळेला. बाईंनी तिच्यासमोर थालीपीठ सरकवलं, पण तिचं लक्ष नव्हतं.

"यंत्राला सांगितलं, नावं सोड. सैलावा कुठे आहे तेवढं शोध, मग शब्द कुठलाही असो. सापडला बाई. एका वाक्यावर राज्यभर रेघ उठतेय. 'बाईंना विचारा.' "

"कोण बाई?"

"तुम्ही."

"काहीतरीच! राज्यात बाई काय एकच आहे? उठताबसता लोक 'अगं बाई' म्हणतात."

"ते वेगळं काढलं. शाळेतल्या बाई वेगळ्या काढल्या, धुण्याभांड्याच्या बाई वेगळ्या काढल्या. जे उरलं त्यात पुढचं वाक्य ठरलेलं असतं : 'पक्षाच्या ऑफिसात फोन लाव.' धुरंधर की कानिटकर, यावर तासभर वाद होतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, 'कोणीही येऊ दे, आपलं काम अडलं तर बाईंना विचारू.' तिथे गळा सैल पडतो. शंभरांतल्या एकाहत्तर जणांचा. इतका आकडा मी आजवर पाहिलेला नाही, उखाण्यांतसुद्धा."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. आनंद नव्हता, असं नाही. सव्वीस वर्षं जिन्याखाली बसलेल्या माणसाला असा आनंद झाला तर त्यात काय नवल? पण भीती त्याहून मोठी होती. "मी फक्त ऐकून घेते गं," त्या म्हणाल्या. "आणि वर सांगते. करणारे आप्पा."

संध्याकाळी वरच्या मजल्यावर बैठक बसली आणि एकच गदारोळ झाला. धुरंधर टेबलावर हात आपटत उभे राहिले. "तक्रारी लिहून घेणारी बाई मुख्यमंत्री? उद्या शिपायाला राज्यपाल करा!"

"यंत्रच बिघडलंय," कानिटकर म्हणाले. "आणि मुळात त्यांना तरी हे झेपणार आहे का? बाईंनाच विचारा ना!"

"तेच म्हणतो मी!" धुरंधर गरजले. "बोलवा खाली जाऊन. बाईंना विचारा!"

यंत्र बैठकीतही चालूच होतं; भिंतीवरच्या त्याच्या पडद्यावर दोनदा रेघ उठली. टपोरी, हिरवी, छताला भिडणारी. सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. ह्याच धुरंधरांच्या मतदारसंघातली निम्मी गाऱ्हाणी जिन्याखालून मार्गी लागली होती, आणि कानिटकरांच्या आईच्या पेन्शनचा कागदसुद्धा. तोंड काहीही म्हणो, गळ्याने कबुली दिली होती. आप्पासाहेब आधी गालात हसले, मग त्यांना हसू आवरेना, आणि शेवटी धुरंधरही कपाळावर हात मारून खाली बसले.

घरी बाईंच्या यजमानांनी, ओंकाररावांनी, बातमी ऐकून रेडिओ बंद केला. जन्मभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडलेला माणूस, मोजकंच बोलायचा. "भार्गवी, तू नाही म्हटलंस तर कोण येईल?"

"पाचांतला कोणीतरी."

"मग तुझी वही कोण वाचेल?"

बाई रडल्या, अगदी मोकळेपणी रडल्या. मग तोंड धुतलं आणि आप्पांना फोन करून म्हणाल्या, "येते मी."

शपथविधीला मैदान फुलून गेलं. साकवावरून घसरून पाय मोडलेले आले, सात वर्षांनी पेन्शन मिळालेले आले, कधीच न भेटलेले पण आवाज ओळखणारे आले. बाई मंचावर आल्या आणि पहिलं वाक्य उच्चारलं तशी गर्दीत लाट उसळली, "आवाज तोच आहे! बाईच आहेत!" 'मी, भार्गवी ओंकार खोत' असं त्या खणखणीत म्हणाल्या. ओंकाररावांनी पहिल्या रांगेत बसून धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. ढोल-ताशे वाजले, धुरंधरांनी स्वतः गुलाल उधळला. जिन्याखालच्या खोलीचा असा विजय कोणी पाहिला नव्हता, आणि बाईंना तो मनापासून आवडला. का आवडू नये?

मोठ्या पडद्यावर राज्याचा सैलावा झळकत होता : एकाहत्तर, सत्त्याहत्तर, चौऱ्याऐंशी. सलूनमधली, पंगतीतली सगळी भांडणं मिटली होती. जो तो म्हणत होता, आता काळजी नाही, बाई आहेत.

आप्पासाहेब काठी टेकत जवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "सुटलो बरं का. अठरा वर्षांनी आज गाढ झोपेन. आता कोणी काही विचारलं की सांगणार, बाईंना विचारा."

जुईच्या मनगटावरच्या छोट्या यंत्रात रेघ सर्रकन वर गेली. दिवसभरातला सर्वांत मोठा सैलावा आप्पांचाच होता.

मंचाच्या पायऱ्यांशी एक म्हातारी थांबली होती. "बाई, आमच्या वाडीतला दवाखाना बंद पडलाय. सून अवघडलेली हाय. चार दिसांत काय तरी करा."

"लिहिलं हं आजी," बाई म्हणाल्या आणि सवयीने पुढचे शब्द आलेच. "वर सांगते."

म्हातारी निर्धास्त होऊन हसली, आशीर्वाद पुटपुटत गर्दीत मिसळली. बाईंनी वर पाहिलं. वर मांडवाचं कापड होतं, आणि कापडापलीकडे आकाश.

"जुई," त्या हळूच म्हणाल्या, "इतक्या लोकांचे गळे सैल पडले. मग ते ओझं गेलं कुठे?"

जुईने मनगटावरच्या यंत्राकडे पाहिलं. शास्त्र तिने लोकांच्या गळ्यापर्यंतच नेलं होतं, त्यापुढचं कधी मोजलं नव्हतं.

बाईंनी पिशवीतून वही काढली. तक्रार लिहिली, गाव लिहिलं, तारीख घातली. 'कोणाला सांगितलं' ह्या रकान्याशी पेन अडलं. सव्वीस वर्षांत तिथे 'आप्पांना' लिहिलं की त्या वही मिटून निवांत घरी जात. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं, 'बाईंना'.

मग तो शब्द त्यांनी एकदा मोठ्याने वाचून पाहिला. मैदानात जयघोष चालूच होता. बाईंच्या त्या शब्दावर जुईच्या मनगटावरची रेघ तसूभरही हलली नाही.