डाव्या कानातली बाई

ताईच्या चष्म्याची काडी मोडली. म्हणजे मीच त्यावर बसले. त्यामुळे तो दुरुस्त करून आणणं माझ्याच गळ्यात पडलं, नाहीतर त्या दुकानाची पायरी मी कधी चढलेच नसते. माझी नजर ठणठणीत आहे.

बाहेर भुरभुर पाऊस होता आणि दुकानात नुसते आरसे. लहान, मोठे, तिरके... आणि त्या सगळ्यांत एकाच तरुण माणसाची पाठ दिसत होती.

"अहो, ऐकलं का?" मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. बायकोनं नवऱ्याला हाक मारावी तसं झालं ते!

पण त्यानं विचित्रच केलं. मी दाराशी उभी, आणि हा वळून बघतोय पलीकडच्या रिकाम्या भिंतीकडे — अगदी आदबीनं, जणू तिथं कुणीतरी उभं आहे. मग सावकाश माझ्याकडे वळला आणि हसला. हसू छान होतं, पण माझ्या अंगावर तोवर काटा येऊन गेला होता.

काडी बसवून होईपर्यंत मी इकडेतिकडे बघत बसले. खुंटीला एक भला मोठा हेडफोन टांगलेला होता. लाकडी वाट्या, बाहेरून बारीक जाळी, आतून मखमल. खाली चिठ्ठी, 'विकणे आहे'. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर ड्रिलची घरघर ऐकायची, आणि घरी आलं तरी ती डोक्यातून जात नाही. म्हटलं, घालून बघू का?

त्यानं तो स्वतःच माझ्या डोक्यावर बसवला. चष्म्याचं माप घेतात तशी त्याची बोटं माझ्या कानामागून हलकेच फिरली.

"तुमचा डावा कान उजव्यापेक्षा जरा वर आहे," तो म्हणाला.

"वाईट दिसतो का?"

"नाही... पण माझ्या लक्षात राहील."

आता एवढं ऐकल्यावर कोण विकत घेणार नाही? घरी न्यायला बांधून देताना त्यानं सोबत एक छोटा प्लेअरही दिला. आत बरीच जुनी गाणी आहेत म्हणाला. मी दार उघडलं, तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला.

"आणि... काही वेगळं ऐकू आलंच, तर मला सांगू नका."

रविवारी दुपारी ताई बाजारात गेली आणि मी दाराकडे पाठ करून ऐकायला बसले. ती माझी पहिली चूक. अशा हेडफोनात गाणं कानात वाजत नाही, खोलीत मांडलेलं असतं; इथं पेटी, तिथं तबला, मधोमध गाणारी. दोन गाणी झाली. तिसऱ्याला गाणं नव्हतंच. कुणीतरी लहान मूल व्हायोलिन वाजवत होतं. चुकायचं, नाक ओढायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

मग उजवीकडे खुर्ची सरकली. अनवाणी पावलं निघाली. ती माझ्या मानेमागून उजवीकडून डावीकडे गेली, आणि मी खरंच वळून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. आणि तेवढ्यात डाव्या कानाशी, केस हलावेत इतक्या जवळून, एक बाई म्हणाली, "गॅसवरचं दूध बघ हं. आलेच मी."

मी हेडफोन काढून फेकला आणि स्वयंपाकघरात धावले. गॅसवर दूध होतं. ताई ठेवून विसरली होती, आणि ते पातेल्याच्या काठाला टेकलं होतं.

मी गॅस बंद केला. मागे वळायचं धाडस काही झालं नाही.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, भूत निदान कामाचं आहे, भांडी घासायला लावून बघ. पण त्या रात्री तिनंही हेडफोनवर टॉवेल टाकला, आणि विचारल्यावर धूळ बसते म्हणाली.

मी मात्र पुन्हा पुन्हा ऐकू लागले. दर वेळी तीच पावलं, तोच आवाज. भीती वाटायची आणि तरी तिची वाट बघायचे. आणि मग काही ना काही निमित्त काढून दुकानात जायचे. ताईच्या चष्म्याचे इतके लाड त्या महिन्यात झाले की ती म्हणाली, अगं, आता माझ्याऐवजी त्यालाच बघायला जातेस हे तरी कबूल कर.

चष्मेवाला मला कोपऱ्यापर्यंत सोडायला येऊ लागला. त्याची एक गंमत होती. मी कुठल्याही बाजूला असले तरी तो वळसा घालून माझ्या डावीकडे यायचा. मला वाटायचं, ही काहीतरी ऐट असावी. एकदा रस्ता अरुंद म्हणून मी त्याच्या डावीकडे राहिले आणि धीर करून म्हणाले की तुमच्याबरोबर चालताना रस्ता लवकर संपतो. त्यानं हूं की चूं केलं नाही. मी दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच परत गेले. लाज म्हणून नाहीच मला.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारूनच टाकलं.

"ती बाई कोण आहे?"

त्याच्या हातातली काच टेबलावर पडली. फुटली नाही, नुसती गोल फिरत राहिली. त्यानं ती बोटानं थांबवली.

"आई," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं सांगितलं. तो नऊ वर्षांचा होता. सकाळीच आईवडिलांचं कडाक्याचं भांडण झालेलं. वडिलांनी ठरल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना माइक लावून त्याचं वाजवणं टेप करायला ठेवलं आणि ते रागानं गच्चीवर निघून गेले. आई त्याच्या मागून चालत बाहेर गेली; जाताना काही बोलल्याचं त्याला ऐकू आलं नाही. कोपऱ्यावर एका गाडीनं तिला उडवलं. घरी सगळे जमले तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं आणि पातेलं काळं झालं होतं.

"आत्या म्हणाली, दूध गॅसवर टाकून, पोराकडे ढुंकूनही न बघता निघाली. जिला परत यायचंय ती बाई असं करते का? घरात सगळ्यांनी तेच धरलं. भिंतीवरचा तिचा फोटोसुद्धा काढला. वडिलांनी ती टेप पुन्हा कधी लावली नाही; मोठेपणी मीच ती प्लेअरमध्ये उतरवून घेतली. जळक्या दुधाचा वास मला अजून येतो... कुठंही."

माझ्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. जीभ भाजावी तसं ते मी आत ठेवलं, कारण त्यानं हात वर केला होता.

"सांगू नका. माझा डावा कान त्याच वर्षी तापात गेला. तेव्हा घरात कुणाला कळलंही नव्हतं, मलाही नाही. मला ती पावलं उजवीकडून येताना ऐकू येतात. डोक्याच्या मध्यावर येतात आणि थांबतात. वीस वर्षं ती तिथंच उभी आहे."

आता मला सगळं समजलं. एका कानाला आवाजाची दिशा कळत नाही, म्हणून ती भिंत; शिवाय तो वळसा, आणि माझं वाया गेलेलं वाक्यसुद्धा. मी म्हटलं, हेडफोन उलटा घातला तर डावीकडचं उजव्या कानात येईल की.

"कळतं मला. पण पलीकडे काहीच नसलं तर? मग आत्याचं खरं ठरेल. आत्ता निदान ती गेलेली नाही... घरात असला की हात शिवशिवायचे, म्हणून विकला."

वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढा मोठा माणूस, आणि एका वाक्याच्या अलीकडे वीस वर्षं उभा.

"घरी चला," मी म्हणाले. "मी काहीही सांगणार नाही. फक्त शेजारी बसेन."

तो आला. ताई अजून कामावरून यायची होती. घरात अंधारून आलं होतं, पण दिवा लावावासा वाटेना. मी कॉफीसाठी दूध गॅसवर ठेवलं, त्याला खिडकीपाशी बसवलं, आणि हेडफोन उलटा करून त्याच्या डोक्यावर चढवला. माझी बोटं त्याच्या कानांमागून फिरली. डावा कान थंडगार होता, कदाचित मलाच तसं वाटलं असेल.

वाटीच्या जाळीतून व्हायोलिन बाहेर झिरपत होतं, शेजारच्या घरातून यावं इतकं बारीक. पोरगं चुकलं. नाक ओढलं. पुन्हा सुरू झालं. मला सगळं पाठ होतं. आता खुर्ची... आता पावलं...

त्याचा श्वास थांबला. डोळे कुणाच्या तरी मागे मागे फिरले, माझ्यावरून पुढे, दारापर्यंत.

मग तो ताडकन उठला. वायर ओढली गेली, प्लेअर खाली पडला. हेडफोन गळ्यात तसाच घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. मी मागे धावले. दूध काठाला आलं होतं. त्यानं गॅस बंद केला.

"बंद केला," तो म्हणाला.

मला नाही. दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत, पहिल्या दिवशी भिंतीकडे बघितलं होतं तसंच, आदबीनं. मी तिकडे बघितलं नाही. खरं सांगते, माझी छाती झाली नाही. पण दाराची कडी हलकेच लागल्याचा आवाज मला आला, आणि प्लेअर तर तिकडे बंद पडला होता.

तो ओट्याला टेकून खाली फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, ती येणार होती. पुन्हा म्हणाला, ती येणारच होती. मी शेजारी बसले. हा माणूस मला आवडतो, जन्मभरासाठी आवडतो, हे मला तेव्हा इतकं स्वच्छ कळलं की बोलल्याशिवाय राहवेना. पण मी भित्री. त्याच्या डाव्या कानाशी वाकले आणि अगदी हळू सांगून टाकलं.

त्यानं डोळे पुसले. गळ्यातला हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"काही म्हणालीस?" पहिल्यांदाच 'तू'.

"काही नाही."

"डावीकडून सांगितलेलं मला वीस वर्षांनी कळतं," तो म्हणाला. "तेवढं थांबायची तयारी आहे?"

मी उठले, वळसा घालून त्याच्या उजवीकडे बसले, आणि पुन्हा सांगितलं.