डाव्या अंगठ्याची निशाणी

रानात येऊनही सलिलचं तोंड बंद होत नव्हतं, हाच अनुसूयाबाईंचा सकाळपासूनचा राग होता. शेकरू दाखवतो म्हणून आईला बोर्लीहून फेरीबोटीने इकडे फणसाडच्या रानात आणायचं, आणि ते दिसलं रे दिसलं की "आई, ते बघ, ते बघ" असं बोंबलायचं, की बिचारं चार झाडं पलीकडे! पनवेलला राहून पोराची हळू बोलायची सवयच गेली होती.

"सहा वर्षांत आईला कुठं नेलं न्हाय," त्या थोरल्या सुनेला, सुचिताला, म्हणाल्या. "आता नेलंय, तर सगळ्या रानाला कळायला नको?"

सकाळी रानात शिरताना फाटकावर नोंदवही पुढे आली तेव्हा सलिल गाडी लावायला गेला होता. थोरल्या दत्तात्रेयाने सगळ्यांची नावं लिहिली. नात आरोहीने पेन दिलं. "आजी, तुझी सही."

अनुसूयाबाईंनी चष्मा सावरला, जीभ दातांत धरली आणि सही केली.

दुपारी पाणवठ्याजवळच्या निवाऱ्यात भाकरी, जवळ्याची चटणी आणि वाटेत वेचलेली करवंदं खाऊन त्या आडव्या झाल्या. जेवून निजल्या की त्यांच्या उशाशी ढोल वाजवला तरी त्या उठत नसत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे वरच्या टेकाडावर गिधाडं बघायला गेले.

झोपेत कुणीतरी आपला हात हातात घेतलाय, असं त्यांना वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं.

जाग आली तेव्हा डावा अंगठा जांभळा होता.

"करवंदं खाल्लीस ना, त्याचा डाग," दत्तात्रेय म्हणाला. सगळे हसले.

अनुसूयाबाई हसल्या नाहीत. करवंदं त्यांनी उजव्या हाताने खाल्ली होती, आणि उजवा हात लख्ख होता. डावा अंगठा कुणीतरी पुसलेला होता. रंग राहिला होता तो फक्त नखाच्या कडेला आणि रेघांत. त्यांनी वास घेतला. साबणासारखा, अत्तरासारखा वास.

त्यांनी कमरेची चंची सोडली. बोटभर चुना काढून अंगठ्याला फासला. मग एक करवंद उजव्या बोटावर चिरडलं आणि त्यावरही चुना लावला.

बोट हिरवट पडलं. अंगठा जांभळाच राहिला.

"रानातल्या फळाचा डाग चुन्याने हिरवा होतो," त्या म्हणाल्या. "ही शाई हाय."

आता कुणी हसत नव्हतं.

निशाणी डावा अंगठा. नवरा गेला त्या दिवसापासून किती कागदांवर त्यांनी ती उठवली होती. आणि त्यांच्या नावावर एकच गोष्ट होती, बोर्लीची वाडी. नारळ, सुपारी आणि हापूसची चार झाडं. त्यातलं एकेक रोप त्यांनी रहाटाचं पाणी घालून जगवलं होतं. सलिलला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्याला वाडी विकायची होती. दत्तात्रेयाला ती आपल्या नावावर हवी होती. सुचिताला निम्मी आरोहीच्या नावावर. अनुसूयाबाईंनी तिघांना तोंडावर नाही म्हटलं होतं.

वाट दाखवायला आलेली रंगू कातकरीण कोपऱ्यात उभी होती. अनुसूयाबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"मी निजल्यावर हितं कोण कोण आलं?"

"तिघं बी आली, आजीबाय. एकेकटी. थोरलं दादा दुर्बीण न्यायला. ताई पाण्याची बाटली न्यायला. धाकलं सायेब कॅमेऱ्याचा पट्टा न्यायला."

"आणि आरोही?"

"ती समदा वेळ माझ्यासंगं. मी तिला शेकरूचं घरटं दावत हुते."

"माझ्यापाशी कोण बसलं?"

"वरून नुस्ती वाट दिसती. छपराखालचं न्हाय दिसत."

"तुझ्या त्या पिशवीत काय?"

"कचरा. रानात आणलेलं समदं फाटकावर परत दाखवाय लागतं. एक कागूद बी ऱ्हायला तर माझी हजेरी जाती." रंगूने पिशवी उलटी केली. दोन बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि झुडपातून उचललेला एक ओला टिशू. जांभळा. त्याला तोच वास.

टिशूचं पाकीट गाडीत होतं. सकाळपासून सगळ्यांनीच वापरलं होतं.

"दत्ता, गेल्या दिवाळीला वाडीवरून कोण भांडलं?"

"मी. ओटीवर उभा राहून भांडलो. सगळ्या आळीने ऐकलं."

"सुचिता, तू?"

"आई, माझ्यावर येऊ नका. मला काय हवं ते मी ओरडून मागते."

"ते खरं. कान किटले माझे."

सलिल पुढे आला. "आई, पुरे कर ना आता! सहलीला आलोय आपण. आणि घरच्यांना काय विचारतेस? बाहेरची बाई समोर उभी आहे. फाटकावर तक्रार करतो, उद्यापासून कामावर दिसणार नाही."

रंगू खाली बसून सांडलेला कचरा पिशवीत परत भरू लागली.

"ती माझा अंगठा घेऊन करील काय? चुलीत घालील?" अनुसूयाबाई त्याच्याकडे वळल्या. "ते राहू दे. मला सांग, औंदाचे आंबे कसे होते रे?"

"आंबे?" सलिल गडबडला. "मस्त. एकदम गोड."

"पेटी कोणी उघडली?"

"मीच. दर वर्षी मीच उघडतो."

"आणि पेंढ्यात काय होतं?"

"पेंढ्यात काय असणार? आंबे!"

"काका, चिठ्ठी..." आरोही बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.



"आता ऐका," अनुसूयाबाई म्हणाल्या. "ज्याने अंगठा घेतला, त्याला वाटतंय की मला सही येत न्हाय. तिथंच तो फसला. लॉकडाऊनात शाळा बंद होती, तेव्हा आरोहीने मला लिहायला शिकवलं. आजही फाटकावर तिनेच पेन दिलं. गावच्या सोसायटीच्या वहीत दत्ताच्या सहीशेजारी माझी सही असते. बँकेत ही सुचिता साहेबासमोर सांगते, आई, सूचा ऊकार राहिला. तलाठ्याकडे, बँकेत, सगळीकडे चार वर्षं माझी सही चालते. ह्या दोघांना चोरी करायची असती, तर त्यांनी सहीची नक्कल केली असती. अंगठा घेऊन काय करतील?"

त्यांनी दम घेतला.

"राहिला एकच. सकाळी फाटकावर नव्हता तो. आणि त्याला कळावं म्हणून मी चार वर्षं दर पेटीत, पेंढ्याच्या वर, चिठ्ठी ठेवते. 'सलिल, आंबे पिकले की खा. तुझी आई अनुसूया.' मला एवढंच लिहिता येतं. दर वर्षी फोनपाशी बसते, की आता विचारील, आई, तू कधी शिकलीस गं? तो म्हणतो, आंबे गोड होते."

"पेट्या..." सलिलचा आवाज पहिल्यांदाच हळू निघाला. "पेट्या तशाच, न उघडता, ऑफिसातल्या साहेबांकडे जायच्या."

"कॅमेऱ्याची पिशवी उघड."

त्याने उघडली. शाईची डबी आणि घडी घातलेलं, वाडी विकायचं मुखत्यारपत्र. खाली जांभळा अंगठा, जरा तिरका उठलेला.

दत्तात्रेय कागद हिसकायला धावला. अनुसूयाबाईंनी त्याला हाताने अडवलं. कागद घेतला, चष्मा लावून बघितला, नीट घडी घातली आणि परत सलिलच्या हातात दिला.

"फाडणार न्हाय मी. जपून ठेव. झोपेत हात धरलास ना, तेव्हा मला वाटलं आरोही आली. तुझं नावसुद्धा मनात आलं न्हाय, एवढा तू लांब गेलास. ह्या कागदावर अंगठा हाय तो तुझ्या आईचाच. पण अंगठा देणारी ती आई मेली, आणि तुला चार वर्षं पत्ता न्हाय. आता जी हाय ती सही करते. तिच्या वाडीत पाय ठेवायचा न्हाय. आधी ह्या रंगूची माफी माग, मग तुझी गाडी घे आणि जा. आम्ही एसटीने जाऊ."