खुर्चीने कापलेला प्रसंग

सिनेमा संपला, दिवे लागले, तरी इरावती पडद्याकडेच बघत बसली होती. ट्रेलरमध्ये ती होती: हरवलेल्या बाबांची चप्पल छातीशी धरून रडणारी मुलगी. त्या आठ सेकंदांच्या भरवशावर तिने सहावीचा अख्खा वर्ग थिएटरात आणला होता. आणि सिनेमाभर तिचं नखसुद्धा दिसलं नाही.

"इरे, आम्हाला डुलकी लागली तेवढ्यात येऊन गेलीस होय?" सोहेल ओरडला. वर्ग खिदळत बाहेर पडला.

शेजारी आजोबा होते. त्यांनीच तयार केलेल्या खुर्च्या आता थिएटरांत बसवल्या जात.

"आजोबा, मी गेले कुठे?"

"ट्रेलर आधी निघतो. सिनेमाचं संकलन (चित्रित तुकडे कापणं-जोडणं) शेवटपर्यंत चालतं. आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवून बघतात. खुर्चीच्या हातातला संवेदक (शरीरातले बदल टिपणारं यंत्र) त्यांच्या नाडीचे ठोके मोजतो. ठोके वाढले, प्रसंग राहतो. मंदावले, म्हणजे लोक कंटाळले. कापा."

"मंदावले म्हणजे कंटाळले, हे कुणी ठरवलं?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "मीच."

इरावतीने आजोबांचा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि मोबाइलवर ट्रेलर लावला. खुर्चीच्या छोट्या पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा उतरू लागला. अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. सत्तर. आजोबांचे डोळे भरून आले होते.

"कंटाळलात का, आजोबा?"

"नाही गं. माणूस जीव ओतून बघतो, तेव्हाही शरीर थबकतं, ठोके मंदावतात. आकडा एकच, कारणं दोन. खुर्चीने आकडा मोजला. कारण विचारायचं मी विसरलो."

"मग घालायला सांगा ना मला परत!"

"सहाशे पडद्यांवर लागलाय तो, बाळा. आता नाही."

दाराशी भलंमोठं पोस्टर होतं. त्यावर तीच रडत होती.

"लोकांना आत बोलवायला माझं रडणं चाललं," ती म्हणाली. "आत मात्र नको झालं."

पायऱ्या उतरताना तिने विचारलं, "ठोके मंदावले की खुर्चीने 'काय वाटलं?' असं विचारलं तर?"

"जमेल. उद्याच बसू. पण तुझा प्रसंग नाही यायचा परत."

"माहितेय. पुढच्या मुलीचा तरी राहील."

पोस्टरकडे तिने वळून पाहिलं नाही.