डाव्या चाकातला धूर

तो स्कूटरवाला माझ्या मागे लागला, तेव्हा मी सगळ्यात आधी जीपचा वेग वाढवला.

भर दुपार, रस्ता मोकळा, जीपमागे माझा ट्रेलर — आणि आरशात हा! हॉर्न काय वाजवतोय, हात काय हलवतोय... मी गाण्यांचा आवाज आणखी मोठा केला. तसा सकाळपासून तो मोठाच होता. डोक्यात जे चाललं होतं ते ऐकू येऊ नये म्हणून.

दोन किलोमीटर झाले तरी तो पिच्छा सोडेना. शेवटी मी गाडी कडेला घेतली, सीटखालचा पाना उचलला आणि तावातावाने खाली उतरले.

"काय हवंय?"

त्याने हेल्मेट काढलं. विस्कटलेले केस, गालावर काळा डाग, आणि हसू कसंबसं आवरणारे डोळे.

"मला काही नको. पण तुमच्या ट्रेलरच्या डाव्या चाकातून धूर येतोय, तेवढं बघा. आणि... पाना उलटा धरलाय तुम्ही."

धूर खरंच येत होता. जळक्या तेलाचा उग्र वास. आणि मी — जिचं पोट लोकांचे कान तपासण्यावर चालतं — मला चाकाची एवढी घरघर ऐकू आली नव्हती!

तो ट्रेलर म्हणजे माझं घर आणि माझं कामही. मागच्या बाजूला अंथरूण आणि शेगडी, पुढे भिंतींना जाड स्पंज लावलेली चिमुकली खोली. त्या खोलीत शाळेतल्या मुलांना बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि कुणाला काय ऐकू येतं ते टिपायचं. चार वर्षं गावोगाव मी हेच करत होते.

त्याचं वर्कशॉप जवळच होतं. म्हणजे त्याच्या आत्याचं. दारात खुर्ची टाकून बसलेल्या आत्याबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"चिकटराव, जॅक काढ!"

"चिकटराव?" मी विचारलं.

"कामाला चिकटला की सुटत नाही म्हणून," आत्या म्हणाल्या. "लग्नाचं मात्र चिकटता चिकटत नाही."

"आत्या..." तो जॅकमागून पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. कानांकडे माझं लक्ष जातंच, काय करणार!

त्याने दुसऱ्या चाकाला दगड लावले, ट्रेलर उचलला, चाक काढलं. मग मधली टोपी, पिन, नट... आणि शेवटी बेअरिंग काढून त्याने ते उजेडात धरलं. आतले छोटे गोल रूळ तापून निळे पडले होते. ग्रीसच्या नावाने नुसती काळी खरपुडी.

"शेवटचं ग्रीस कधी भरलं होतं?"

"भरायचं असतं?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "किती वर्षं वापरताय?"

"चार."

"दात तरी रोज घासता ना?"

नवी बेअरिंगं गुरुवारी येणार होती. तो दिवस मंगळवारचा. "मला शुक्रवारी शहरात पोचायचंय," एवढंच मी सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ताईने तिथे सगळं जमवून ठेवलं होतं — इस्पितळात कायमची नोकरी, तिच्या घरातली एक खोली, आणि ट्रेलरला गिऱ्हाईक. मीही हो म्हणून मोकळी झाले होते. दमले होते मी. रोज जाग आली की आपण कोणत्या गावात आहोत हे आठवावं लागायचं. पण हो म्हटल्यापासून झोप मात्र पार उडाली होती. बसावं म्हटलं तर बसवेना, उभं राहवेना.

"तुम्ही बसत का नाही?" बुधवारी सकाळी त्याने विचारलं. मी वर्कशॉपभर येरझाऱ्या घालत होते.

"सवय नाही."

"मग या इकडे. उजवं चाक अजून वाचलंय. त्याचं ग्रीस तुम्हीच भरा."

"मी?"

"पुढच्या वर्षी मी कुठे मागे लागणार तुमच्या?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने कोरडं केलं. त्याने माझ्या डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा ठेवला. थंडगार, लोण्यासारखा.

"रुंद बाजू त्यात दाबायची. दाबत राहायचं... वरून बाहेर येईपर्यंत. अंहं, असं नाही — असं." त्याने माझं मनगट धरलं. ग्रीस थंड होतं. त्याची बोटं नव्हती.

"इथे पोकळ राहिलंय," तो म्हणाला.

"कसं कळलं?"

"बोटांना कळतं."

मग ग्रीस आत राखणारं नवं सील बसवलं, चाकाचा मधला हब चढवला, नट आवळला. "चाक फिरवत आवळा. आता जरासं सोडा... फिरायला मोकळीक हवी, पण डगडगायला नको."

"हे चाकाबद्दलच बोलताय ना?"

"तूर्तास," तो म्हणाला, आणि पिन शोधायला खाली वाकला. पिन त्याच्या हातातच होती!

एक गोष्ट मात्र मला सकाळपासून टोचत होती. डावीकडून हाक मारली की तो ओ देत नसे. बाकावरचा त्याचा फोन तीनदा वाजून थांबला, त्याला पत्ताच नव्हता.

"चला, तुमचा कान तपासू," मी म्हटलं.

"मला चांगलं ऐकू येतं."

"फोन तीनदा वाजला."

त्याने वळून फोनकडे पाहिलं, मग हात धुऊन माझ्यामागे ट्रेलरमध्ये आला.

त्या चिमुकल्या खोलीत आम्ही बसलो न बसलो तोच पाऊस आला. पत्र्यावर ताडताड... असल्या आवाजात कसली तपासणी! थांबण्यावाचून इलाज नव्हता. गुडघ्याला गुडघे टेकत होते. तो स्पंजच्या भिंतीकडे बघत होता, मी त्याच्या हातांकडे.

"थांबेल इतक्यात," तो म्हणाला.

"हो... थांबेल."

दोघांनाही घाई नव्हती.

पाऊस थांबला आणि मी हेडफोन चढवले. उजवा कान उत्तम. डाव्यात मात्र बारीक आवाज पोचतच नव्हते. मी एकेक सूर मोठा करत गेले आणि तो — ऐकू आलं की बोट वर करायचं होतं — नुसता माझ्याकडे बघत बसला.

"हातोडा, ग्राइंडर... काम करताना कानात काही घालत नाही तुम्ही?"

"घालायचं असतं?"

आता बराच वेळ पाहायची पाळी माझी होती. तो हसला. मग हसू मावळलं.

"दोन वर्षं मला वाटतंय, आत्याचा आवाज बसलाय. म्हातारी व्हायला लागली म्हणून रोज जीव खालीवर होतो माझा... आणखी जाईल का हो?"

"जपलंत तर नाही. कानात बोळे घालायचे आणि दर वर्षी तपासायचं."

"मग याल पुढच्या वर्षी?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा आवाज मुळात खणखणीत, त्यात खोली एवढीशी. "अगं, तो ज्यूसवाला विचारतोय, शुक्रवारी ट्रेलर नक्की ना? पुढची खोली फोडून काउंटर करणार आहे म्हणे!"

सगळं त्याच्या उजव्या बाजूलाच बोललं गेलं. त्याने गळ्यातले हेडफोन अलगद टेबलावर ठेवले.

"विकताय?"

"...हो."

"मग मी शिकवत कुणाला होतो?" असं म्हणून तो निघून गेला.

गुरुवारी बेअरिंगं आली. तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. आत्यांनी मात्र कान तपासून घ्यायला आजूबाजूची नऊ माणसं माझ्या दारात आणून उभी केली. वेल्डर, लाकूड कापणारे, निवृत्त गुरुजी. एक शिंपीणबाई होत्या, त्या मुलीवर सहा महिने रुसल्या होत्या, ती तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून. हेडफोन काढल्यावर त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला आणि रडू लागल्या. मीही तोंड फिरवलं, खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर तो डाव्या चाकाशी बसला होता. तळव्यावर ग्रीस घेऊन एकेका रुळात दाबत होता, पुन्हा उलटून बघत होता, पुन्हा दाबत होता. माझा ट्रेलर उद्या कुठेतरी कायमचा उभा राहणार होता. त्याच्या चाकावर कुणी इतका जीव लावतं?

शेवटचा माणूस गेल्यावर मी ताईला फोन केला.

"ताई, मी ती नोकरी घेत नाहीये. शाळांमधल्या तपासणीच्या नव्या वर्षाच्या करारावर सही करणार आहे."

"कोण आहे तो?"

"ताई! कामासाठी म्हणतेय मी. खरंच."

"बरं. कामासाठी. आणि?"

"आणि... अजून विचारलं नाही त्याला."

"मग त्याला विचार ना, बावळट! मला कसला फोन करतेस!"

मी बाहेर आले. त्याच्या उजव्या बाजूला, सरळ जमिनीवर बसले.

"ट्रेलर विकत नाहीये मी."

त्याचे हात थांबले.

"पण थांबणारीही नाही," मी घाईघाईने म्हणाले, धीर सुटायच्या आत. "आठवड्याचे पाच दिवस गावोगाव फिरणार. थांबायचं मला कधी नव्हतंच... परत यायला एक जागा हवी होती."

"आमच्याकडे जागा भरपूर आहे." त्याने शेडकडे पाहिलं.

"मी शेडबद्दल बोलत नाहीये."

"मीही नाही." तो फडक्याला हात पुसत राहिला. फडकंच इतकं काळं होतं की काही पुसलं जात नव्हतं. "खरं सांगू? हे चाक तासाभरापूर्वीच झालंय. तीनदा पिन लावली आणि तीनदा काढली. काम संपलं म्हटलं की तुम्ही निघणार... मग पुन्हा उघडत बसलो."

मी खाली पडलेली पिन उचलून त्याच्या हातात दिली.

"मग लाव आता," मी म्हणाले. "नीट लाव. उद्या पुढच्या गावी निघायचंय मला."

तुम्हीचं तू कधी झालं ते मलाही कळलं नाही. त्याला कळलं. मान खाली घालून त्याने पिन सरकवली, टोकं वळवली, टोपी ठोकून बसवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"शनिवारी येशील?"

"येईन. रविवारीही असेन."

त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "ग्रीस आहे गं..."

"असू दे," म्हणत मी तो हात धरला.